नूडल्स, शेवया आणि कढईतली उष्णता

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. नववीत गेलेल्या माझ्या मुलीने एके दिवशी हट्ट धरला, की आज घरीच नूडल्स करायच्या. आमचे मंद्रूप सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इथे ज्वारी, शेंगदाणे, चिंच, गूळ यांना तोटा नाही. पण त्या दिवशी दुकानात नूडल्सची पुडी तेवढी मिळाली. सोया सॉस नव्हता, व्हिनेगर नव्हते. मी म्हटले, "हरकत नाही." पाच जणांच्या नूडल्स उकडल्या, भरपूर कोबी-गाजर चिरले, सॉसऐवजी दोन टोमॅटोंचा रस घेतला आणि सगळे एकदम कढईत घातले. दहा मिनिटांनी कढईत जे तयार झाले त्याला लगदा याखेरीज दुसरे नाव नव्हते.

मुलगी हिरमुसून म्हणाली, "बाबा, गाडीवर मिळतात तशा आपल्याकडे होणारच नाहीत. ते सामानच आपल्याकडे नाही."

माझी आई शेजारी पाटावर बसून हे पाहत होती. ती म्हणाली, "सामानाचं काय घेऊन बसलात? कढई बघा की आधी. गच्च भरलीय ती!"

मुलीचे वाक्य मला फार ओळखीचे होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी म्हणतोच, "सर, ते उपकरण आपल्याकडे नाही, तेव्हा हा प्रयोग आपल्याला जमायचा नाही." अशा वेळी मी त्याला विचारतो, "ते उपकरण काय काम करते ते सांग. मग तेच काम दुसरे कोण करील ते शोधू." मग स्वयंपाकघरात मी स्वतः हा प्रश्न का विचारला नाही? सोया सॉस लाल-काळा आणि पातळ असतो, म्हणून मी लाल आणि पातळ टोमॅटोचा रस घातला. मी रूप पाहिले, काम पाहिले नाही. आणि पदार्थ बिघडण्याचे खरे कारण तर सॉस नव्हताच.

विद्यार्थी मित्रहो, परतलेल्या नूडल्समधला एकेक पदार्थ घेऊन तो नेमके काय काम करतो हे आज आपण पाहू. मग बदली पदार्थ आपोआप सापडतील, आणि कोणत्या कामाला बदली नाही हेही कळेल.

धागा कशाने टिकतो?

नूडल्स म्हणजे पिठाचा लांब धागा. हा प्रकार आपल्याला परका मुळीच नाही. इ. स. १०२५ च्या सुमारास चावुंडरायाने कन्नडमध्ये लिहिलेल्या 'लोकोपकार' या ग्रंथात शेवयांचा आणि त्या पाडण्याच्या साच्याचा उल्लेख आहे. आमच्या सीमाभागात चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात बन्सी किंवा खपली गव्हाच्या रव्याच्या शेवया करण्याची जुनी चाल आहे. पाट तिरका लावायचा, भरपूर मळलेला गोळा तळहाताने त्यावर लोटत राहायचा, खालून निघणारी तार अलगद ओढून घ्यायची आणि काठीवर वाळत टाकायची. हे काम पाहताना मनात प्रश्न येतो : ही तार तुटत का नाही? ज्वारीच्या पिठाची अशी तार का ओढता येत नाही?

उत्तर गव्हातील प्रथिनांत आहे. गव्हात ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन अशी दोन मुख्य प्रथिने असतात. पीठ भिजवून मळले, की त्यांचे लांब रेणू एकमेकांत गुंतून एक जाळे तयार होते. या जाळ्याला ग्लूटेन म्हणतात. ग्लायाडिनमुळे कणीक ताणली जाते, तर ग्लूटेनिनमुळे ती ताण सोडल्यावर मागे येते. इटलीतील बोलोन्या येथील याकोपो बेक्कारी या शास्त्रज्ञाने १७२८ साली एका व्याख्यानात हा चिवट भाग पिठापासून वेगळा करून दाखवल्याची हकिकत सांगितली. ती १७४५ मध्ये छापली गेली. त्याची रीत अगदी सोपी होती. कणकेचा गोळा पाण्यात धुवायचा, एवढेच! स्टार्च पाण्याबरोबर निघून जातो आणि हातात रबरासारखा गोळा उरतो.

ज्वारीत आणि तांदळात प्रथिने आहेत, पण असे जाळे करणारी नाहीत. म्हणून भाकरीचे पीठ ताणले की तुटते. मग कोकणातले शिरवाळे तांदळाचे असूनही धाग्यासारखे कसे होतात? तिथे धागा धरून ठेवण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवलेले असते. पिठाची उकड काढली, की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. हा चिकटपणा प्रथिनांच्या जाळ्याची थोडीफार जागा घेतो. मात्र तो धागा ओढता येत नाही, साच्यातून दाबूनच पाडावा लागतो. काम तेच, पण काम करणारा बदलला, म्हणून कृतीही बदलली. बदली पदार्थाविषयीचा हा पहिला धडा होय.

घरी नूडल्स करताना नुसती कणीक घेतली तर धागे आखूड तुटतात, कारण कोंड्याचे बारीक कण ग्लूटेनच्या जाळ्यात मध्येमध्ये येतात. निम्म्याहून अधिक मैदा घातला की हे टळते. मळलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. तेवढ्या वेळात पाणी सगळीकडे सारखे मुरते, ताणलेले जाळे सैलावते आणि लाटताना गोळा मागे मागे येत नाही.

चीनमध्ये कित्येक ठिकाणी नूडल्स लाटून न कापता हातानेच ओढतात. कणकेचा जाड दोर ओढून लांब करायचा, दुमडून दुहेरी करायचा आणि पुन्हा ओढायचा. दर दुमडीला धागे दुप्पट होतात. आठ दुमडींनंतर किती होतील? २ चा आठवा घात, म्हणजे २५६! कणकेचे घनफळ तेवढेच राहते. तेव्हा प्रत्येक धाग्याची लांबी मूळ दोराइतकी ठेवली, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ २५६ पटींनी आणि व्यास १६ पटींनी कमी होतो. ४ सेंटिमीटर जाडीच्या दोरातून अडीच मिलिमीटरचे धागे मिळतात. भूमितीश्रेणीचे याहून चवदार उदाहरण मला माहीत नाही.

पापडखाराचे काम

चीन-जपानच्या पुष्कळशा नूडल्सच्या पिठात सोडियम व पोटॅशियम कार्बोनेट यांसारखे आम्लारीधर्मी क्षार घालतात. त्यांची कामे दोन. ग्लूटेन अधिक घट्ट होते, त्यामुळे नूडल्स उकळत्या पाण्यात टिकतात आणि चावताना चिवट लागतात. दुसरे असे, की पिठातील काही रंगद्रव्ये आम्लारीत पिवळी होतात, आणि अंडे न घालताही नूडल्सना पिवळसर छटा येते.

हे क्षार आपल्याकडे कुठून आणायचे? लांब जायला नको. पापड करताना पिठात आपण पापडखार घालतोच. तोही आम्लारीधर्मी आहे. खात्री करायची असेल तर त्याचे पाणी हळदीवर टाका, हळद तांबडी होईल. तीनशे ग्रॅम पिठाला पाव चमचा पापडखार पुरे होतो. जास्त झाला तर नूडल्सना साबणासारखी कडवट चव येते. खाण्याचा सोडा पापडखाराइतका तीव्र नाही, म्हणून त्याचा परिणाम कमी होतो. आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. प्रयोगशाळेतल्या बाटलीतला कोणताही क्षार किंवा आम्ल, नाव तेच असले तरी, खाण्यात कधीही घालू नये. त्याची शुद्धता खाण्याच्या दृष्टीने तपासलेली नसते.

उकळते पाणी आणि मीठ

नूडल्स पाण्यात टाकल्या की साधारण ६०° ते ७०° सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चचे कण फुगू लागतात. वरच्या थरातला थोडा स्टार्च पाण्यात उतरतो. पाणी कमी असेल तर त्याची खळ होते आणि ती सगळ्या धाग्यांना चिकटवते. म्हणून शंभर ग्रॅम कोरड्या नूडल्सना निदान एक लिटर पाणी घ्यावे.

मीठ घातल्याने पाणी जास्त तापते आणि नूडल्स लवकर शिजतात असे पुष्कळजण म्हणतात. हिशेब करून पाहू. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातले तर उत्कलनबिंदू ०.२ अंशानेही वाढत नाही! उलट सोलापूरचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इथे पाणी १००° ला नव्हे, तर सुमारे ९८.५° ला उकळते. मिठाने वाढलेला अंशाचा तुकडा आपल्या गावच्या उंचीने केव्हाच गिळून टाकलेला असतो. मीठ घालायचे ते चवीसाठी, तापमानासाठी नव्हे.

धागा किंचित कच्चा असतानाच नूडल्स चाळणीत ओताव्यात आणि लगेच गार पाण्याखाली धराव्यात. याने शिजणे थांबते आणि वरचा चिकट स्टार्च धुऊन जातो. मग एक चमचा तेल चोळून त्या स्वच्छ फडक्यावर पसरून ठेवाव्यात. ही पायरी मी पहिल्या दिवशी गाळली होती. ती का गाळू नये, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

शिळ्या भाताचा फोडणीचा भात ताज्या भातापेक्षा मोकळा होतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. गार झाल्यावर फुगलेल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन रचले जातात आणि दाणा घट्ट होतो. नूडल्सचेही तसेच आहे. मात्र रात्रभर ठेवायच्या असतील तर त्या शीतकपाटातच ठेवाव्यात. सोलापूरच्या उन्हाळ्यात ओला शिजलेला पदार्थ बाहेर ठेवणे म्हणजे जिवाणूंना जेवायला बोलावणे होय.

गच्च भरलेल्या कढईचे गणित

आता माझ्या आईच्या वाक्याकडे वळू. ती भौतिकशास्त्र शिकलेली नाही, पण तिने नेमके दुखणे ओळखले होते.

परतलेल्या नूडल्सना जो खमंगपणा येतो तो १४०° च्या वर होणाऱ्या रासायनिक क्रियांमुळे. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्या संयोगातून तपकिरी रंग आणि शेकडो सुवासिक द्रव्ये तयार होतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. भाकरीवरचे तांबूस डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, आणि तुपात परतलेल्या शेवयांचा रंग ही सगळी तिचीच करणी. पण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान ९८.५° च्या वर जाऊच शकत नाही. येणारी सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. म्हणजे आधी पाणी घालवले पाहिजे. त्यासाठी किती उष्णता लागते?

समजा, पाच जणांसाठी नूडल्स आणि भाज्या मिळून एक किलोग्रॅम माल आहे, आणि त्यात धाग्यांवर चिकटलेले व भाज्यांतून सुटणारे मिळून १०० ग्रॅम मोकळे पाणी आहे. मालाचा सरासरी विशिष्ट उष्मा सुमारे ०.८५ धरू.

माल ३०° पासून ९८.५° पर्यंत तापवायला १००० × ०.८५ × ६८.५, म्हणजे सुमारे ५८,००० कॅलरी लागतील.

१०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला, दर ग्रॅमला ५४० कॅलरी अप्रकट उष्म्याप्रमाणे, ५४,००० कॅलरी लागतील.

एकूण झाल्या १,१२,००० कॅलरी. पाहा, दहा टक्के पाणी घालवायला जवळजवळ तेवढीच उष्णता लागते, जेवढी सगळा माल तापवायला लागते!

आता पुरवठा पाहू. घरच्या गॅसच्या बर्नरची शक्ती सुमारे दोन किलोवॅट असते. त्यातली साठ टक्के उष्णता कढईत जाते असे धरले, तर दर सेकंदाला सुमारे २९० कॅलरी मिळतात. याशिवाय तापलेल्या कढईत साठवलेली उष्णता असते. दीड किलोग्रॅमची लोखंडी कढई २५०° पर्यंत तापवली आणि माल टाकल्यावर ती १००° पर्यंत उतरली, तर १५०० × ०.११ × १५०, म्हणजे जवळजवळ २५,००० कॅलरी ती मालाला देते.

सगळा माल एकदम टाकला तर १,१२,००० पैकी २५,००० कॅलरी कढई देईल. उरलेल्या ८७,००० कॅलरींसाठी बर्नरला ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे लागतील. या पाच मिनिटांत नूडल्स परतल्या जात नाहीत, स्वतःच्याच वाफेत उकडत राहतात. त्या आधीच शिजलेल्या असतात. आणखी पाच मिनिटे उकडल्यावर लगदा होईल नाही तर काय?

आता एक चतुर्थांश माल टाका. लागतील २८,००० कॅलरी. त्यातल्या २५,००० तापलेली कढईच देऊन टाकते! उरलेल्या तीन हजार बर्नर दहा सेकंदांत पुरवतो. उष्णता क्षणात इकडून तिकडे जात नाही, म्हणून प्रत्यक्षात अर्धे-पाऊण मिनिट लागेल. पण त्यानंतर लगेच धागे कोरडे होऊन तांबूस होऊ लागतील.

हा घास काढून घेतला, की रिकामी कढई पुन्हा तापायला सुमारे दीड मिनिट लागते. असे चार घास करायचे. गंमत अशी, की चारही घासांचा एकूण वेळ सगळे एकदम करण्याच्या वेळेपेक्षा फारसा वेगळा नसतो. ऊर्जा अक्षय्य आहे, ती फुकट मिळत नाही. फरक इतकाच, की पूर्वी प्रत्येक धागा पाच मिनिटे वाफेत भिजत होता, आता तो पाऊण मिनिटातच बाहेर पडतो.

गाडीवरचा आचारी सगळे एकदम कसे करतो, असे तुम्ही विचाराल. त्याच्या भट्टीची ज्योत घरच्या बर्नरच्या कित्येक पट उष्णता देते. शिवाय तो कढई सतत झोकत असतो. धागे हवेत उडतात, वाफ निघून जाते आणि धागा करपण्याआधीच दुसरा तळाशी येतो. हंगतांग को आणि डेव्हिड हू या अमेरिकेतील संशोधकांनी परतलेला भात करणाऱ्या आचाऱ्यांचे चित्रीकरण करून २०२० साली असे दाखवले, की ते सेकंदाला सुमारे २.७ वेळा कढई झोकतात. ती भट्टी आणि तो सराव आपल्याकडे नाही. मग त्यांचे काम कोण करील? जड लोखंडी कढई, थोडा थोडा माल आणि दोन उलथने. झोकण्याऐवजी दोन्ही हातांनी खालून वर उचलावे.

कढई पुरेशी तापली हे कसे ओळखावे? तेल घालण्यापूर्वी कोरड्या कढईत पाण्याचा एक थेंब टाका. तो चर्र होऊन आटला तर अजून थांबा. तो गोळी होऊन घरंगळू लागला तर कढई २०० अंशांच्या आसपास किंवा वर गेली आहे. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होऊन तो थेंबाला उचलून धरतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये याचे वर्णन केले. ही परीक्षा लोखंडी कढईतच करावी. न चिकटणारा लेप दिलेले भांडे रिकामे असे कधीही तापवू नये. आणि तेल घातल्यावर पाण्याचा थेंब टाकू नये, तेल उडून भाजते.

तेल शेंगदाण्याचे उत्तम. ते चिनी स्वयंपाकातही वापरतात, म्हणजे इथे बदलीचा प्रश्नच नाही! मात्र घाण्याचे तेल शुद्ध केलेल्या तेलापेक्षा कमी तापमानाला धुरावते. तेव्हा या कामासाठी शुद्ध केलेले तेल घ्यावे.

भाज्यांची जाडी आणि मिठाची वेळ

कोबी, गाजर, ढोबळी मिरची, कांद्याची पात, जे मिळेल ते चालते. महत्त्व जातीला नाही, जाडीला आहे. उष्णता पदार्थाच्या आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४ मिलिमीटरच्या कापाला २ मिलिमीटरच्या कापापेक्षा दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. म्हणून सगळ्या भाज्या सारख्या आणि बारीक उभ्या चिराव्यात.

मीठ मात्र शेवटी घालावे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले तर पाणी सुटते, हे तुम्हाला माहीत आहे. परासरणामुळे पेशींतले पाणी बाहेर येते. कढईत सुटलेल्या दर ग्रॅम पाण्याला ५४० कॅलरींचा दंड भरावा लागतो, हे विसरू नका.

सोया सॉसची कामे कोणती?

आता ज्या पदार्थावाचून त्या दिवशी अडले होते त्याकडे येऊ. सोया सॉस चार कामे करतो : खारटपणा, रंग, किंचित गोड-आंबटपणा, आणि उमामी नावाची चव.

पहिले काम सोपे आहे. साधारण सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ असते. दोन चमचे सॉस गाळला तर सपाट एक छोटा चमचा मीठ घालावे. मी टोमॅटो घातला, पण हे मीठ धरलेच नव्हते. म्हणून माझा लगदा अळणीही होता!

रंगासाठी गूळ घ्यावा. चमचाभर तेलात तो गडद तांबूस होईपर्यंत तापवावा, काळा होऊ देऊ नये. आंबटपणासाठी चिंचेचा दाट कोळ. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल उडून जाणारे असल्याने त्याचा वास येतो. तो चिंचेला येत नाही, पण जिभेचे काम भागते. लिंबू वापरले तर गॅस बंद केल्यावर पिळावे.

उमामी हा खरा कठीण भाग. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामिक आम्ल वेगळे करून दाखवले, की गोड, आंबट, खारट, कडू यांहून वेगळी अशी ही चव त्याच्यामुळे येते. सोयाबीन आणि गहू यांवर एका विशिष्ट बुरशीची महिनोन् महिने क्रिया होऊन प्रथिने तुटतात आणि ग्लुटामिक आम्ल मोकळे होते. आपल्याकडे ते मोकळ्या रूपात पिकलेल्या टोमॅटोत सापडते. म्हणजे माझी निवड अगदीच चुकीची नव्हती. पण टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. तो रस तसाच ओतणे म्हणजे कढईवर आणखी कर्ज चढवणे. टोमॅटो वेगळ्या भांड्यात आटवून चटणीसारखा घट्ट करून घ्यावा, हा त्यावरचा उपाय.

सोलापूरची शेंगाचटणी घातली तर? चव सुंदर येते. भाजलेल्या दाण्यांचा मायार-सुवास तिच्यात आयताच असतो, आणि थायलंड-इंडोनेशियाकडेही नूडल्सवर दाण्याचे कूट घालतात. पण ती उमामीचे काम करत नाही. दाण्यात ग्लुटामिक आम्ल पुष्कळ असते, पण ते प्रथिनांत बांधलेले असते आणि जिभेला बांधलेले कळत नाही. चटणी घालावी ती तिच्या स्वतःच्या गुणासाठी.

आणि हेही प्रामाणिकपणे मान्य करावे, की या सगळ्यांची बेरीज म्हणजे सोया सॉस नव्हे. बुरशीने महिनोन् महिने केलेले काम आपण दहा मिनिटांत करू शकत नाही. बदली पदार्थाने कामे भागतात, ओळख बदलते. त्यात कमीपणा काही नाही. कोलकात्याला आलेल्या चिनी हक्का लोकांनीही इथल्या हिरव्या मिरच्या आणि मसाले घेऊन आपले पदार्थ नव्याने घडवले, आणि तेच आज गावोगावच्या गाड्यांवर मिळतात.

करून पाहा

पाच जणांसाठी प्रमाण : मैदा २०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, पापडखार पाव चमचा, पाणी सुमारे १२५ मिलिलिटर. घट्ट मळून अर्धा तास झाकावे, पातळ लाटून, तांदळाची पिठी भुरभुरून, सुरीने बारीक पट्ट्या कापाव्यात. उकडून, धुऊन, फडक्यावर कोरड्या कराव्यात. भाज्या ४०० ग्रॅम. सॉसऐवजी दोन टोमॅटो आटवून, एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, एक छोटा चमचा तापवलेला गूळ आणि एक छोटा चमचा मीठ. चार घासांत परतून घ्यावे. शेवटच्या घासानंतर सगळे एकत्र करून हे मिश्रण कढईच्या कडेने सोडावे आणि लगेच उतरवावे. हे काम घरातले मोठे माणूस जवळ असतानाच करा.

शाळेत करण्याजोगे दोन प्रयोगही सांगतो. पहिला बेक्कारीचा. कणीक, मैदा आणि ज्वारीचे पीठ यांचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे गोळे पाण्यात धुवा, आणि हातात काय किती उरते ते वजन करून नोंदवा. ज्वारीचा गोळा काय करतो ते आधी ओळखून लिहून ठेवा. दुसरा प्रयोग वाफेचा, तो शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. चिरलेला कोबी आधी २०० ग्रॅम आणि मग ८०० ग्रॅम असा त्याच कढईत, त्याच ज्योतीवर तीन-तीन मिनिटे परता आणि पुन्हा वजन करा. शंभर ग्रॅमला किती पाणी गेले ते काढा. वरचे गणित कितपत खरे, ते तुमचा तराजूच सांगेल. फरक आढळला तर तो का पडला याचा विचार करा. माझा हिशेब ढोबळ आहे, आणि त्यात सुधारणेला पुष्कळ जागा आहे.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा कढई चढवली. या वेळी मुलीने एका कागदावर दोन रकाने आखले होते. एकात 'पदार्थ', दुसऱ्यात 'काम'. सोया सॉससमोर चार ओळी होत्या, आणि तीन ओळींपुढे बरोबरच्या खुणा. चौथीपुढे तिने लिहिले होते, 'थोडेसेच'. माझ्या आईने गेल्या वर्षीच्या शेवयांतल्या मूठभर काढून दिल्या. त्याही मिनिटभर उकडून, कोरड्या करून आम्ही शेवटच्या घासात परतल्या. त्या बाजारच्या नूडल्सपेक्षा चिवट निघाल्या आणि ताटात सुट्या राहिल्या.

आई म्हणाली, "आता कसं मोकळं झालं!" मुलगी म्हणाली, "गाडीवरच्यासारखं नाही झालं, बाबा." थोडे थांबून तिने पुन्हा ताट पुढे केले.

तो दोन रकान्यांचा कागद मी मागून घेतला आहे. सध्या तो प्रयोगशाळेच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे.